डोंगरावरून 'आरटीटीवाय': टाइप केलेला निरोप, तापणारा रेडिओ आणि बॅटरीचा हिशोब

मोबाईलला रेंज नसलेल्या डोंगरमाथ्यावर बसायचं, बांबूला दहा मीटर वायर बांधायची, शेजारी बॅटरी ठेवायची आणि लॅपटॉपवर ओळ टाइप करायची. ती ओळ जपानमध्ये किंवा इटलीत बसलेल्या माणसाच्या स्क्रीनवर अक्षर-अक्षर करून उमटते. मध्ये इंटरनेट नाही की मोबाईल कंपनीही नाही. हौशी रेडिओवाल्यांच्या, म्हणजे हॅम मंडळींच्या जगात या पद्धतीला 'रेडिओ टेलिटाइप' म्हणतात. लिहिताना आरटीटीवाय आणि बोलताना नुसतं 'रिटी'.

घरी टेबलावर वीजजोडणी आणि पंख्याखाली ही पद्धत चालवणं सोपं आहे. बाहेर, बॅटरीवर आणि उन्हात चालवायची तर गणित बदलतं. इतर पद्धतींत चालून जाणाऱ्या चुका इथे चालत नाहीत. बॅटरी अर्ध्या वेळात उतरते, रेडिओ हाताला चटका देईल इतका तापतो, आणि आकडे चुकून अक्षरं होतात. सीमाभागातून घाटमाथ्यावर रेडिओ घेऊन जाणाऱ्या किंवा जाऊ पाहणाऱ्या वाचकांसाठी ही माहिती एकत्र दिली आहे.

टेलिप्रिंटरचा वारस

वर्तमानपत्राच्या कचेरीत कोपऱ्यात खडखडणारं टेलिप्रिंटर मशीन ज्यांनी पाहिलं आहे, त्यांना आरटीटीवाय समजावून सांगायला फार वेळ लागत नाही. वृत्तसंस्थेच्या बातम्या त्या मशीनवर तारेतून यायच्या. तीच कल्पना तारेऐवजी रेडिओलहरींवर चढवली की झालं आरटीटीवाय.

यामागची लिपी फ्रान्सच्या एमिल बोदो यांची. 1874 मध्ये त्यांनी तिचं पेटंट घेतलं. पुढे डोनाल्ड मरे यांनी 1901 च्या सुमारास टाइपरायटरच्या कळफलकाला सोयीची अशी तिची मांडणी केली. आज हॅम वापरतात ती याच घराण्यातली. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत जुनी टेलिप्रिंटर मशीनं हौशी लोकांच्या हाती आली. 1953 मध्ये तिथल्या सरकारने लांब पल्ल्याच्या बँडवर ही पद्धत वापरायला मोकळीक दिली. ब्रिटनमध्ये 1959 साली या विषयाला वाहिलेला गट स्थापन झाला, तो 'बार्टग' या नावाने आजही स्पर्धा भरवतो.

त्या काळात हे मशीन डोंगरावर नेण्याचा प्रश्नच नव्हता. एकट्या टेलिप्रिंटरला दोन माणसं लागायची, वर व्हॉल्व्हचा डिकोडर आणि घरगुती वीज. आता ते सगळं एका मोफत सॉफ्टवेअरमध्ये मावतं. जपानच्या माकोतो मोरी यांचं 'एमएमटीटीवाय' विंडोजवर चालतं, आणि 'एफएलडिजी' विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर, अगदी रास्पबेरी पायसारख्या तळहाताएवढ्या संगणकावरही. वजन गेलं तशी ही पद्धत पाठीवरच्या पिशवीत येऊन बसली.

दोन सूर, पाच ठोके

आरटीटीवायमध्ये ट्रान्समीटर एकाच वेळी एकच सूर पाठवतो, आणि तो दोन फ्रिक्वेन्सींमध्ये इकडून तिकडे उड्या मारतो. एकीला 'मार्क' म्हणतात, दुसरीला 'स्पेस'. हॅम बँडवर दोघींत 170 हर्ट्झचं अंतर असतं. ध्वनीच्या रूपात बहुतेक सॉफ्टवेअर 2125 आणि 2295 हर्ट्झ हे दोन सूर वापरतात. वेग 45.45 बॉड, म्हणजे एका ठोक्याला 22 मिलिसेकंद.

प्रत्येक अक्षर पाच ठोक्यांचं. त्याच्या आधी सुरुवातीचा एक ठोका आणि शेवटी थांब्याचा दीड. एकूण साडेसात ठोके, म्हणजे 165 मिलिसेकंद. सेकंदाला साधारण सहा अक्षरं, मिनिटाला साठ शब्द. कानाला हे दोन सुरांचं भराभर किणकिणणं वाटतं, आणि एकदा ओळखलं की गोंगाटातही लगेच लक्षात येतं.

पाच ठोक्यांचे प्रकार होतात फक्त 32. इंग्रजीची 26 अक्षरं, दहा आकडे आणि विरामचिन्हं त्यात मावणार कशी? म्हणून एकच सांकेतिक खूण दोन कामं करते. 'आता अक्षरं येताहेत' असं सांगणारी एक खूण आणि 'आता आकडे येताहेत' असं सांगणारी दुसरी. घेणाऱ्या बाजूला शेवटची जी खूण मिळाली असेल, त्याप्रमाणे पुढचं वाचलं जातं. लहान अक्षरं नाहीत, देवनागरी तर नाहीच. मराठी निरोप पाठवायचा तर रोमन लिपीत, सगळी मोठी अक्षरं वापरून.

599 चं 'टीओओ'

गडबड इथेच होते. समजा विजेच्या कडकडाटात 'आता आकडे' ही एक खूण हरवली. मग पुढचे सगळे आकडे अक्षरं म्हणून छापले जातात. कोणता आकडा कोणतं अक्षर होणार हे ठरलेलं आहे: टाइपरायटरच्या वरच्या ओळीत क्यूपासून पीपर्यंत अनुक्रमे 1 ते 0. त्यामुळे 'सिग्नल उत्तम' सांगणारा 599 हा रिपोर्ट 'टीओओ' असा दिसतो. जगातला प्रत्येक आरटीटीवायवाला 'टीओओ' पाहून न थांबता 599 वाचतो. भारताचा झोन 22, तो 'डब्ल्यूडब्ल्यू' होऊन येतो.

घराबाहेरून बोलणाऱ्याला याचा वेगळा भुर्दंड आहे. 'पोर्टेबल' हे सांगायला कॉलसाइनच्या शेवटी तिरकी रेघ आणि पी जोडायची पद्धत आहे. ही तिरकी रेघ आकड्यांच्या बाजूला बसते. म्हणजे आधी आकड्यांची खूण, मग रेघ, मग अक्षरांची खूण, मग पी. दोन चिन्हांसाठी चार चिन्हांचा वेळ. आणि पहिली खूण हरवली की रेघेच्या जागी एक्स छापला जातो, समोरच्याला कॉलसाइन भलतंच वाटतं. स्पर्धेत ही शेपटी लावायलाच हवी असं नसेल तर बरेच जण ती गाळतात. शांतपणे बोलायचं असेल तर कॉलसाइन दोनदा पाठवलेलं बरं.

बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये मोकळी जागा आली की आपोआप अक्षरांवर परतण्याची सोय असते. ती चालू ठेवल्यास शब्द वाचतात, पण एकापाठोपाठ आकड्यांचे गट येत असतील तर कधी ती उलटी अंगाशी येते. चालू-बंद करायचं बटण कुठे आहे, हे घरीच पाहून ठेवावं.

जमाखर्च अँपिअरमध्ये

आवाजात बोलताना ट्रान्समीटर पूर्ण ताकद क्षणभरच लावतो. शब्दांच्या मधे, श्वास घेताना तो जवळपास रिकामा असतो. मोर्समध्ये ठिपके-रेघांच्या मधल्या जागा विश्रांतीच्या. आरटीटीवायमध्ये विश्रांती नावाची गोष्ट नाही. मार्क असो की स्पेस, दोन्ही वेळी पूर्ण ताकद चालू. पाठवण्याचं बटण दाबल्यापासून सोडेपर्यंत शंभर टक्के.

पाच वॅटचा लहान रेडिओ घ्या. पाठवताना तो साधारण 2 अँपिअर घेतो आणि ऐकताना 0.4. एक तृतीयांश वेळ पाठवण्यात आणि उरलेला ऐकण्यात गेला असं धरलं, तर सरासरी 0.93 अँपिअर. चार तासांना 3.7 अँपिअर-तास. यूपीएसमध्ये असते ती 7 अँपिअर-तासाची शिशाची बॅटरी अर्ध्यापेक्षा जास्त उतरवू नये, म्हणजे हाताशी खरे 3.5. चार तासांच्या आतच ती हात टेकते, आणि वर दोन-सव्वादोन किलोचं ओझं. लिथियम आयर्न फॉस्फेटची 6 अँपिअर-तासाची बॅटरी वजनाला तिच्या निम्म्याहूनही कमी असते, त्यातले पाच अँपिअर-तास निर्धास्त वापरता येतात, आणि सव्वा अँपिअर-तास शिल्लक ठेवून माणूस खाली उतरतो.

आता तेच काम 50 वॅटवर करू. शंभर वॅटचा रेडिओ निम्म्यावर आणला तरी पाठवताना साधारण 13 अँपिअर ओढतो, ऐकताना एक. त्याच हिशोबाने सरासरी पाच, आणि चार तासांना 20 अँपिअर-तास. खर्च पाचपटीहून जास्त. मिळालं काय? दहा डेसिबल. समोरच्याच्या मीटरवर पावणेदोन अंशांहूनही कमी फरक. कधी कधी तेवढाच फरक हवा असतो, हे खरं. पण पायी चढणाऱ्याने आधी अँटेना दोन मीटर वर चढवून पाहावी, ती फुकट आहे.

अजून एक गळती आहे आणि नवख्यांच्या ती लक्षात येत नाही. समोर बसून थेट टाइप करताना बोटं मिनिटाला 25 शब्दांनी चालतात आणि मशीन 60 ने. उरलेल्या वेळात ट्रान्समीटर गप्प बसत नाही, रिकाम्या खुणा पाठवत राहतो, त्याही पूर्ण ताकदीने. म्हणजे बॅटरीतला निम्म्याहून जास्त माल विचार करण्यात जातो. उपाय साधा आहे. निरोप आधी टाइप करून ठेवायचा आणि मग एकदम सोडायचा. नेहमीचे निरोप, म्हणजे हाक, रिपोर्ट, आभार, हे एफ-1, एफ-2 अशा बटणांवर भरून ठेवायचे. तीस अक्षरांची हाक पाच सेकंदांत संपते. जगाच्या ख्यालीखुशालीच्या दोन ओळी कमी लिहिल्या तर अर्धा तास जास्त ऐकता येतं.

शिशाच्या बॅटरीवर मोठा रेडिओ लावणाऱ्यांनी व्होल्टही पाहावेत. बहुतेक शंभर वॅटचे रेडिओ 13.8 व्होल्टसाठी बनलेले असतात आणि 11.7 च्या खाली बिनसतात. बारीक वायर आणि सैल जोड असेल तर बॅटरी भरलेली असूनही पाठवताना व्होल्ट तिथे पोचतात. रेडिओ बंद पडला नाही तरी सिग्नल खराब होतो, आणि ते आपल्याला कळत नाही, शेजारच्या फ्रिक्वेन्सीवाल्याला कळतं.

तापतं काय काय

पूर्ण ताकद सतत म्हणजे उष्णताही सतत. शंभर वॅटचा रेडिओ आरटीटीवायला 50 किंवा त्याहून खाली ठेवतात ते याचसाठी. लहान रेडिओला तर पंखाही नसतो, त्याची धातूची पेटी हीच त्याची थंडावण्याची सोय. एप्रिलच्या दुपारी काळ्या कातळावर, उन्हात, प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवलेला रेडिओ आधीच तापलेला असतो. छत्रीची सावली, खाली दोन काटक्या घालून हवा खेळायला जागा आणि पाठवणं लहान-लहान तुकड्यांत, एवढं केलं तरी पुरतं.

रेडिओपेक्षा आधी दुसऱ्याच वस्तू दम टाकतात. अँटेना जुळवणारे छोटे ट्यूनर आवाजासाठी शंभर-सव्वाशे वॅटचे असतात, पण सतत सिग्नलच्या पद्धतींसाठी त्यांची मर्यादा तीस वॅटच्या आसपास लिहिलेली सापडते. ती बारीक अक्षरं विकत घेण्याआधी वाचायची असतात. टोकाकडून जोडायच्या हाफ-वेव्ह अँटेनाच्या ट्रान्सफॉर्मरमधली फेराइटची कडी मिनिटभराच्या आरटीटीवायने तापते, मग एसडब्ल्यूआर हळूहळू चढतो, आणि माणूस वायर हलवत बसतो. दोष वायरचा नसतो. पाठवून झाल्यावर लगेच त्या डबीला हात लावून पाहावं.

वायर, बांबू आणि वळीव

14 मेगाहर्ट्झच्या, म्हणजे 20 मीटर बँडच्या आरटीटीवाय भागासाठी हाफ-वेव्ह वायर साधारण 10.1 मीटर लागते. एक टोक उंच आणि दुसरं टोक रेडिओकडे उतरतं, अशी तिरपी वायर डोंगरावर छान चालते. उभं करायला मासेमारीची फायबरची काठी मिळाली तर उत्तम. नसेल तर आठवडी बाजारातला सरळ बांबू काही वाईट नाही. तो धातूचा नसल्याने सिग्नलच्या आड येत नाही. अडचण फक्त बसमध्ये नेण्याची.

काठी उभी करायच्या आधी वर पाहणं महत्त्वाचं. घाटमाथ्यावरच्या पठारांवरून 11 केव्हीच्या लाइनी जातात, आणि काठी पडली तर वायर किती लांब पोचेल हे मोजूनच जागा निवडावी. दुसरं भय आकाशाचं. एप्रिल-मेच्या दुपारी वळवाचे ढग सह्याद्रीवर बघता बघता जमतात. पाऊस येण्याच्या बराच आधी रेडिओवर कडकड वाढते, आरटीटीवायच्या ओळीत कचरा छापला जाऊ लागतो. ती सूचना समजावी. 'एवढा एक कॉन्टॅक्ट करून निघू' म्हणणाऱ्याने उघड्या माथ्यावर वायर धरून बसू नये. गडगडाट ऐकू आला की वायर सोडायची आणि खाली उतरायचं, काठी राहिली तरी चालेल.

लॅपटॉपची कटकट

गंमत अशी की पाच वॅटच्या मांडणीत सगळ्यात जास्त वीज लॅपटॉप खातो. रेडिओची सरासरी बारा वॅटच्या आसपास, लॅपटॉपची बहुतेक वेळा त्याहून जास्त. शिवाय बाहेरच्या उजेडात स्क्रीन दिसत नाही. पुठ्ठ्याचं खोकं आडवं करून त्यात लॅपटॉप ठेवणं हा जुना इलाज अजूनही कामाचा आहे. पांढऱ्यावर काळी मोठी अक्षरं ठेवली तर डोळे कमी ताणतात.

लॅपटॉपच नको असेल तर काही रेडिओ स्वतःच आरटीटीवाय वाचतात. आयकॉमचा आयसी-705 स्क्रीनवर मजकूर दाखवतो आणि आधी भरून ठेवलेले निरोप पाठवतो. आपल्या बॅटरीवर तो 5 वॅट देतो आणि बाहेरच्या 13.8 व्होल्टवर 10. एलेक्राफ्टच्या केएक्स-2 आणि केएक्स-3 मध्ये तर मोर्सच्या पॅडलवर अक्षरं वाजवली की रेडिओ ती आरटीटीवायमध्ये बदलून पाठवतो. ज्यांचा मोर्सचा हात चांगला आहे त्यांना संगणक, केबल, खोकं यांतलं काहीच न्यावं लागत नाही. किंमत मात्र खिशाला जड.

साध्या रेडिओला लॅपटॉप जोडायचा तर मध्ये साउंडकार्डची छोटी डबी लागते. दोन चुका नेहमी होतात. पहिली, लॅपटॉपचा आवाज जास्त सोडणे. मग दोन सुरांऐवजी त्यांची पिल्लंही बँडभर पसरतात. रेडिओच्या एएलसी मीटरचा काटा हलणार नाही इतपतच आवाज ठेवावा. दुसरी चूक साइडबँडची. साउंडकार्डवरून पाठवताना एलएसबी हा रिवाज आहे. यूएसबीवर राहिलं की मार्क-स्पेस उलटे होतात, आणि सिग्नल सणसणीत असूनही स्क्रीनवर अगम्य अक्षरांची रांग लागते. अशी रांग दिसली की आधी 'रिव्हर्स' बटण दाबून पाहायचं. पाठवताना माउस आपोआप पळू लागला किंवा स्क्रीन गोठली तर अँटेनाची लहर केबलमधून लॅपटॉपमध्ये शिरते आहे असं समजावं. केबलवर फेराइटचे क्लिप लावले आणि अँटेना थोडी दूर नेली की बहुधा थांबतं.

एफटी8 असताना हे कशाला?

हा प्रश्न रास्त आहे. 2017 मध्ये आलेल्या एफटी8 ने कानाला ऐकूही न येणारे सिग्नल वाचून दाखवले आणि हॅम बँडचा नकाशा बदलला. 1998 मध्ये ब्रिटनच्या पीटर मार्टिनेझ यांनी आणलेली पीएसके31 पद्धतही आरटीटीवायपेक्षा कितीतरी कमी जागेत आणि कमी ताकदीत निभावते. आरटीटीवायचा सिग्नल कानाला नीट ऐकू यावा लागतो, तेव्हाच तो स्वच्छ छापला जातो. कमी वीज आणि खात्रीचा संपर्क एवढंच हवं असेल, तर डोंगरावर आरटीटीवाय ही पहिली निवड नव्हे.

पण एफटी8 ला घड्याळ लागतं. दोन्ही बाजूंची घड्याळं एक-दोन सेकंदांच्या आत जुळलेली नसतील तर तिथे काहीच उमटत नाही. घरी इंटरनेट ते काम गुपचूप करतं. रेंज नसलेल्या ठिकाणी, सकाळपासून मिटून ठेवलेल्या लॅपटॉपचं घड्याळ सरकलेलं निघालं की जीपीएसचा तुकडा किंवा रेडिओवरचा वेळसंकेत शोधत बसावं लागतं. आरटीटीवायला वेळेशी देणंघेणं नाही, सुरुवातीचा ठोका प्रत्येक अक्षराबरोबरच येतो. शिवाय एफटी8 मध्ये ठरलेल्या साच्यापलीकडे फारसं बोलता येत नाही. आरटीटीवायमध्ये हवं ते लिहिता येतं, आणि दोघांचेही सिग्नल चांगले असले तर एक संपर्क पंधरा-वीस सेकंदांत उरकतो. स्पर्धेच्या दिवशी वेगात एफटी8 मागे पडतं.

कुठे आणि कधी ऐकायचं

एरवीच्या दिवशी आरटीटीवायचे बँड बरेचदा ओस असतात, आणि 'आता हे कुणी वापरत नाही' असा समज त्यातून होतो. स्पर्धेच्या शनिवार-रविवारी मात्र बसायला जागा नसते. डोंगरावरच्या पाच वॅटवाल्याने हाच मुहूर्त धरावा, कारण त्या दिवशी समोरचा मोठ्या अँटेनाचा माणूस स्वतःच नव्या स्टेशनच्या शोधात असतो. जानेवारीच्या सुरुवातीला अमेरिकेच्या एआरआरएलची 'आरटीटीवाय राउंडअप', फेब्रुवारीत 'सीक्यू डब्ल्यूपीएक्स', सप्टेंबरच्या शेवटच्या पूर्ण शनिवार-रविवारी 'सीक्यू वर्ल्डवाइड'. या शेवटच्या स्पर्धेत रिपोर्टसोबत झोन द्यायचा असतो आणि ती आपल्या वेळेनुसार शनिवारी पहाटे साडेपाचला सुरू होते. तारीख मात्र परतीच्या पावसाची. घाटमाथ्याला जाणाऱ्यांना त्यापेक्षा जानेवारी सोयीचा.

20 मीटरवर 14.083 ते 14.099, 15 मीटरवर 21.080 ते 21.100 आणि 10 मीटरवर 28.080 पासून वर, हे नेहमीचे मुलूख. 14.080 च्या आसपास एफटी4 वाले असतात, त्यांच्या अंगावर जाऊ नये. 14.100 ला जगभरच्या 18 बीकनचं आळीपाळीने प्रसारण चालतं. ती जागा मोकळी सोडायची, पण ऐकायला फार उपयोगी, कोणत्या दिशेला बँड उघडा आहे ते तिथे कळतं.

शिखरांवरून बोलण्याचा 'सोटा' हा उपक्रम 2002 पासून चालू आहे. त्यात शिखराचे गुण मिळायला चार संपर्क लागतात, आणि वाहनात बसून किंवा इंधनाच्या जनरेटरवर बोललेलं चालत नाही. उद्यानं-अभयारण्यांवरून बोलण्याच्या 'पोटा'मध्ये आकडा दहाचा.

पुराच्या वेळी याचा उपयोग?

डिसेंबर 2004 मध्ये हैदराबादच्या राष्ट्रीय हौशी रेडिओ संस्थेची भारती प्रसाद यांच्या नेतृत्वाखालची तुकडी हौसेच्या मोहिमेवर अंदमानात होती. 26 डिसेंबरला त्सुनामी आली आणि त्याच रेडिओवरून पोर्ट ब्लेअरहून बाहेर निरोप जाऊ लागले. ऑगस्ट 2019 च्या पुरात कोल्हापूर, सांगली आणि बेळगाव जिल्ह्यांनी रस्ते तुटण्याचा अनुभव घेतला आहे. वीज गेली की टॉवरच्या बॅटऱ्या किती तास टिकतात, हे नदीकाठच्या गावांना वेगळं सांगायला नको. बाहेर, बॅटरीवर रेडिओ चालवण्याचा सराव म्हणूनच निव्वळ छंद राहत नाही.

मात्र मदतीच्या निरोपांसाठी साधं आरटीटीवाय वापरावं का, यावर उत्तर सावध हवं. त्यात चूक दुरुस्त करण्याची कोणतीही सोय नाही. अक्षर बिघडलं तर बिघडलेलंच छापलं जातं, मशीन तक्रार करत नाही. आणि मदतीचे निरोप आकड्यांचे असतात: किती माणसं अडकली, किती गोळ्या, कोणता रक्तगट, कोणता फोन. '15' चं 'क्यूटी' झालं तर अनुभवी माणूस उलगडेल, पण 15 चं 16 झालं तर कुणालाच कळणार नाही. मार्टिनेझ यांनीच जहाजांवरच्या पद्धतीवरून पुढे 'ॲमटॉर' आणली ती ही उणीव भरून काढायला. आज चूक तपासणाऱ्या आणखी चांगल्या पद्धती आहेत, आणि निरोप महत्त्वाचा असेल तर त्याच वापराव्यात. नाइलाजाने आरटीटीवायच हाती असेल तर आकडा अक्षरांत लिहायचा, दोनदा पाठवायचा आणि समोरच्याकडून परत मागवून ताडून घ्यायचा. वेळ लागतो, पण लागू द्यावा.

परवाना आणि परवानगी

पाठवायला परवाना लागतो, याला पळवाट नाही. तो केंद्राच्या दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी शाखेकडून परीक्षेनंतर मिळतो, वयाची किमान अट 12 वर्षं. रिस्ट्रिक्टेड आणि जनरल अशा दोन श्रेणी आहेत, आणि कोणत्या श्रेणीला कोणता बँड, किती ताकद आणि कोणत्या प्रकारचं प्रसारण हे परवान्याच्या नियमांत दिलेलं असतं. आरटीटीवाय आपल्या श्रेणीत बसतं का, हे तिथे पाहूनच पुढे जावं. परवान्यावर स्टेशनचा पत्ता असतो. त्या पत्त्याबाहेरून चालवायचं तर त्याबाबतचा नियम आधी वाचून, लागेल ती परवानगी घेऊन निघावं.

जागेची परवानगी वेगळी. खानापूर तालुक्यातलं भीमगड किंवा गोव्याच्या बाजूचं म्हादई ही अभयारण्यं आहेत, तिथे वनखात्याला विचारल्याशिवाय काठी रोवता येत नाही. किल्ल्यावर भिंतीला खिळा ठोकू नये, दोरी पुरते. तीन राज्यांच्या सीमेवर वायर, बॅटरी आणि लॅपटॉप घेऊन बसलेला माणूस दिसला तर गावकरी चौकशी करणारच, आणि ते योग्यच आहे. परवान्याची प्रत खिशात असावी, जवळच्या पोलीस ठाण्यात आधी सांगून ठेवावं. येळ्ळूरच्या राजहंसगडासारख्या वर्दळीच्या ठिकाणी रविवारी गेलं तर अर्धा वेळ लोकांना समजावण्यात जातो, हेही धरून चालावं.

ज्यांच्याकडे अजून काहीच नाही त्यांना घरबसल्या सुरुवात करता येते. नेदरलँड्सच्या ट्वेंटे विद्यापीठाचा रेडिओ रिसीव्हर इंटरनेटवर कुणालाही ऐकायला खुला आहे. तो ब्राउझरमध्ये उघडायचा, एलएसबी निवडायचं, स्पर्धेच्या शनिवारी 14.085 च्या आसपास किणकिण शोधायची आणि आवाज एफएलडिजीकडे वळवायचा. सेटिंग 45.45 बॉड आणि 170 हर्ट्झ. काही मिनिटांत 'सीक्यू टेस्ट' असे शब्द येऊ लागतील, आणि मधूनच एखादं 'टीओओ'.